शेऱ्याचा रकाना

डिसेंबर. विधानभवनाभोवती बांबूचे कठडे,
झिरो माइलचे घोडे पलीकडे, मान ताणून.
आत सागरी बंदरांच्या सुरक्षेचं विधेयक.
समुद्र इथून, कुठल्याही रस्त्याने गेलात तरी, लांबच.

मी अजनीच्या कंटेनर डेपोत,
दोन पिवळ्या खांबांच्या मध्ये.
विद्यापीठाचा संशोधन प्रकल्प, मानधन जुलैपासून अडकलेलं.
जे दिसत नाही, ज्याला वास नाही
ते हे खांब मोजतात, आणि ते कुठेच शून्य नसतं.
पाहुण्यांना मी हे सांगते तेव्हा ते एक पाऊल मागे सरकतात.
सीताबर्डीच्या काळ्या खडकात थोडं,
तुमच्या डब्यातल्या केळ्यात थोडं,
आभाळातून तर रात्रंदिवस.
भरलेली गाडी खांबांमध्ये आली
की आकडा किंचित उतरतो:
तिची सावली पडते त्या न दिसणाऱ्या उन्हात.
या कामात मला आवडतं ते एवढंच.

हेडाऊ साहेबांनी मसुदा छापून आणलाय.
कलम दोन. बंदर म्हणजे
भरतीचे पाणी जेथवर पोहोचते अशी कोणतीही जागा.
“म्हणजे आपण नाहीच त्यात,” ते म्हणाले,
आणि चष्मा काढून पुसत बसले.
बाहेर फलक तीन भाषांत: कोरडे बंदर.
पाण्याचा कॅन रोज वर्धा रोडवरून येतो.
काल आलाच नाही.

सव्वातीनला खांब ओरडले.

हिंगणघाटच्या सुताचा कंटेनर, सील शाबूत.
सुतात काय असणार.
हातातलं यंत्र घेऊन मी मागच्या चाकापासून सुरू केलं,
पत्र्याला धरून चालत गेले, काही नाही,
काही नाही,
केबिनच्या दाराशी कडकडाट.
“उतरा.”
तो उतरला. कडकडाट त्याच्यासोबत उतरला.
गाडी गप्प.

दसरथ उईके, वय त्रेपन्न, गळ्याला मफलर.
“म्या काई नाई केलं जी मॅडम.”
मग वरच्या खिशातून चार घड्यांचा कागद:
थायरॉईड, किरणोत्सारी आयोडीन, मागचा मंगळवार.
खाली डॉक्टरांच्या लाल शाईत,
लहान मुलांना जवळ घेऊ नये.
“नात झाली. सोळा दिवसाची हाय.
घरी रायलो तं हात जातेच.
म्हून भाडं घेतलं. केबिनमंदीच झोपतो.”

हेडाऊंनी फॉर्म पुढे सरकवला.
मालाचे वर्णन. सील क्रमांक.
जप्त, परत किंवा नष्ट, लागू नसेल ते खोडा.
माणसाचा रकाना नाही.
त्यांच्या फोनवर तेवढ्यात बातमी,
संत्र्याच्या भावावरून गोंधळ,
गोंधळातच विधेयक आवाजी मतदानाने मंजूर.
“झालं,” ते म्हणाले. कुणीच काही बोललं नाही.

मी उईकेंना आठ दिवसांचं गणित सांगितलं.
आठांनी निम्मं, आणखी आठांनी त्याच्या निम्मं,
शरीर बाहेर टाकतं ते वेगळं, पाणी भरपूर प्या.
बोटांवर मोजत ते बरंच खाली गेले.
“मंग शून्य कदी?”
शून्य नाही होत, म्हटलं. पण काही दिवसांनी
तुमच्यात आणि सीताबर्डीच्या खडकात
या खांबांना फरक कळणार नाही.
“मंजे गोटा व्हाचं म्हना,”
आणि पहिल्यांदा हसले, मफलरमध्ये.

शेऱ्यात मी लिहिलं:
माल निर्दोष. चालक नुकताच आजोबा झालेला आहे.
हेडाऊ साहेबांनी दुसरं वाक्य वाचलं,
पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं,
ते खोडलं, आणि पहिल्याखाली सही केली.

गाडी निघाली. आधी तो, मागून सूत.
आकडा चढत गेला, मग जरासा उतरला.
भोंग्याचं बटण मी दाबून धरलं होतं
तो गेटच्या पलीकडे जाईपर्यंत,
आणि त्यानंतरही थोडा वेळ.